मैनुद्दीन ठळक

ऋ काही केल्या बसेना. साजिदने तो संगणकाच्या पडद्यावरून सतराव्यांदा खोडला.

बाकी सगळी अक्षरं अब्बांची होती, मैनुद्दीन पेंटरची. उंच, जाड आणि एसटीच्या दोघांच्या सीटवर तिघं बसावीत तशी अंग चोरून उभी. पाटोद्याच्या पेठेत दुकानांची तोंडं अरुंद आणि नावं लांबलचक, त्यावर अब्बांनी काढलेला हा तोडगा. सहा वर्षांपूर्वी अब्बा गेले. फ्लेक्स आले तशा त्यांच्या पाट्याही भंगारात जाऊ लागल्या. तेव्हा साजिद हट्टाला पेटला. उरलेल्या पाट्यांचे फोटो काढून त्याने त्या अक्षरांचा फॉन्ट बनवायला घेतला. उद्या बाजारतळावर त्याचं प्रकाशन होतं. पत्रिकेत फॉन्टचं नाव छापलं होतं, 'मैनुद्दीन ठळक'. बापाचं नाव पुसलं जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा.

आणि नेमका ऋ एकाही पाटीवर नव्हता.

"माझ्या पाटीवर कुठून येणार?" भांड्यांचे व्यापारी सुग्रीवशेठ म्हणाले. साजिद सकाळपासून तिसऱ्यांदा त्यांची जुनी पाटी न्याहाळत होता. "आन् तुझ्या बापाला अक्षर काढताना बघितलंय कुणी? मजकूर लिहून घ्यायचा, घरी न्यायचा. चार दिसांनी सायकलला बांधून पाटी हजर. लई लाजरा गडी!"

"आन् भिंती कावून रंगवायचे न्हाईत, शेठ?"

"म्या विचारलं व्हतं एकदा. नुसता हसला."

साजिदनेही अब्बांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी मागच्या खोलीला आतून कडी असायची. आत अब्बा पाट्या रंगवतात आणि अम्मी रंगाचे डबे धरते, एवढंच ठाऊक. पोरांना तिथं मज्जाव होता.

तो हिरमुसून घरी आला. आमिनाबी तांदूळ निवडत होती.

"अब्बांचा ऋ कसा असता, तेच दिसंना, अम्मी. उद्या लोक हसतील."

"आडवा पसरतोय का?" तिने सुपातून मान वर न करता विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो खेकसला.

"मला काय कळणार! जा, जेवून घे."

जेवून तो मांडववाल्याकडे गेला. तासाभराने परत येऊन खोलीत शिरला आणि जागच्या जागी थिजला.

कीबोर्डवर एक पुठ्ठा ठेवला होता. त्यावर काळाभोर ऋ. उंच, जाड, अंग चोरून उभा. उभ्या रेघेचं टोक खाली किंचित डावीकडे झुकलेलं, अब्बांच्या प्रत्येक पाटीवर असायचं तसंच. त्याने हात लावला. बोट काळं झालं.

रंग ओला होता. अब्बांच्या कबरीत त्याने स्वतःच्या हातांनी माती लोटली होती.

"अम्मी!" तो ओरडतच अंगणात धावला. "घरात कोण आलतं? ह्यो अब्बांचा हात हाय!"

आमिनाबी नळापाशी पाठमोरी बसली होती. ईदेला फाटकाला लावलेल्या काळ्या रंगाचा उरलेला डबा तिच्या पायाशी उघडा होता. टर्पेंटाइनचा वास येत होता. तिने ब्रश झटकला, बोटांनी त्याचे केस सरळ केले.

"कुणी न्हाई आलं, बेटा," ती म्हणाली. "डबे तुझे अब्बा धरायचे."