मागच्या बाकावरचा हात

"माना खाली, डोळे बंद! ज्याला आज प्रभूकडे यायचंय, त्यानं फक्त हात वर करावा," पाळक सेन्यो माइकवरून म्हणाले. केटा गावच्या त्या पत्र्याच्या चर्चमधली तरुण पोरं केव्हाच रस्त्यापलीकडच्या मोठ्या पडद्याच्या चर्चकडे पळाली होती. उरलेल्यांनी डोळे मिटले. "हां, मागच्या बाकावर एक हात दिसतोय. प्रभू तुझं भलं करो!"

पहिल्या बाकावर बसलेल्या पाळकांच्या बायकोनं, मावुसीनं, हळूच मागं वळून पाहिलं. मागचा बाक रिकामाच होता.

घरी जेवायला मक्याच्या पिठाचा बांकू वाढताना तिच्यानं राहवलं नाही. "अहो, हात कुणाचा होता?"

"अगं, असं म्हटलं की बाकीच्यांना धीर येतो. मोठमोठे पाळकही असंच करतात."

"आणि माझं काय? रोज प्रार्थनेला बसते, पण कुणी ऐकतंय असं वाटतच नाही आताशा. जीव नुसता कासावीस होतो."

"हळू बोल! पाळकाच्या बायकोच्या तोंडी शोभतं का हे? मंडळी काय म्हणतील?"

पुढच्या रविवारी पुन्हा माना खाली गेल्या, डोळे मिटले. मावुसीनं हात वर केला. तिनं तो खाली घेतला नाही. सेन्योंची नजर त्या हातावर पडली आणि तिथंच अडकली.

"आज कुणाचाच हात नाही," ते माइकवरून म्हणाले. "आमेन."