पिशव्यांची अट

"वाकवू का?" आजोबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पट्ट्याला हात घातला.

चामडेवालीने त्यांच्या मनगटावर चापट मारली. "हात मागे! आठवडाभर बोटं माझी झिजलीत, तुमची नाहीत."

मोटरसायकलला लावायच्या दोन चामडी पिशव्या तिच्या फळीवर होत्या. वीस वर्षं माळ्यावर वाळून त्यांचं लाकूड झालं होतं. आजोबांचा मुलगा म्हणाला होता, भंगारात द्या. पोरांना भंगाराची भारी घाई. आधी वस्तू देतात, मग आईबापाकडे वळतात. त्यात आजोबांनी स्वतःची अक्कल पाजळलेली. इंजिनाला चालतं ते चामड्याला का चालू नये, म्हणत एका पिशवीवर अर्धा डबा इंजिन ऑइल ओतलं होतं. ते ओढून काढायला चामडेवालीने दोन दिवस खडूची पूड थापली आणि दर थरागणिक आजोबांचा उद्धार केला. मग दमट फडक्यात गुंडाळणं, मग कोमट तेल, थोडं थोडं, तळहाताने जिरवत.

आजी दाराशी स्टुलावर बसली होती, हाताची घडी घालून. मोटरसायकलवरून मुलीकडे जायचं, दोन दिवसांचा रस्ता, हे आजोबांचं खूळ. आजी सरळ नाही म्हणाली नव्हती. चाळीस वर्षं संसारात मुरलेली बाई सरळ नाही म्हणत नसते. तिने अट घातली होती: त्याच जुन्या पिशव्या धड झाल्या, तरच येईन. नवं चामडं जोडलेलं चालणार नाही.

"आजी, खरं सांगा," चामडेवालीने कालच तोंडावर विचारलं होतं, "जायचं नाही म्हणूनच ना ही अट?"

"शहाणी आहेस," आजी म्हणाली होती.

आता एकच पट्टा उरला होता. वाकून बकलातून गेला तर प्रवास, तडकला तर घर.

चामडेवाली हात पुसायला वळली आणि आजोबांनी डाव साधला. पट्टा धरून जोरात ओढला. चामडं करकरलं.

"अहो, थांबा! मोडेल ना तो!"

आजी अशी उठली की स्टूल मागे कलंडलं. आजोबांनी चटका बसल्यासारखा हात काढला. चामडेवालीने आजीकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

"मोडू द्या की, आजी! सुटाल!"

आजीने रागवायला तोंड उघडलं, पण राग काही येईना. "तू गप्प बस. तेल दे इकडे."

पट्टा मांडीवर घेऊन ती चोळत बसली. तळव्याची ऊब द्यायची, जरासं वाकवायचं, पुन्हा तेल. मधेच आजोबा काही बोलू गेले, तर तिने नुसते डोळे वटारले. कितीतरी वेळाने पट्टा बकलातून सुळकन गेला.

"पहाटे निघू!" आजोबा दुकान डोक्यावर घेत म्हणाले. "चारलाच!"

आजीने एका पिशवीचं झाकण उघडलं आणि आत कोपरापर्यंत हात घालून कोपरे चाचपले.

"ही डावी माझी," ती म्हणाली. "हिच्यात तुमचा एक मोजासुद्धा दिसता कामा नये."