आयत्या वेळची हाक

मोहोपाड्याच्या कारखान्यात ऑफिसचा प्रोग्रॅम कोबोल या संगणकभाषेत, लॅबची सूत्रं फोर्ट्रान या दुसऱ्या भाषेत. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नव्हतं. कारखान्यातल्या प्रोग्रॅमर चंद्रभागेनं महिनाभर खपून दोघांमध्ये पूल बांधला.

मुंबईहून तपासायला आलेले साहेब हसले. "नवं सूत्र आलं की दर वेळी त्याचं नाव तुमच्या प्रोग्रॅममध्ये लिहीत बसणार? नाव माहीत नसताना हाक मारता येते का कुणाला?"

"येते साहेब. नाव आयत्या वेळी तुम्हीच टाका. लॅबच्या नव्या सूत्राचं नाव मी गोमाजी ठेवलंय."

साहेबांनी तिचा छापील प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत चाळला. त्यात गोमाजी हे नाव कुठेच नव्हतं. मग त्यांनी ते नाव टाईप केलं, आणि क्षणात फोर्ट्रानकडून बिनचूक उत्तर आलं. साहेब खुर्चीतून उठलेच.

"कमाल केलीत! पण हे गोमाजी कोण?"

"माझे आजोबा. गावाचे सांगावे घरोघर पोचवायचे. जन्मभर सगळ्यांनी त्यांना 'ए गोम्या' अशीच हाक मारली." चंद्रभागेनं पडद्याकडे बोट केलं. "आता गोमाजी म्हटल्याशिवाय ते ओ देत नाहीत."