प्रश्नचिन्हासह

"काका, थेट प्रक्षेपणाला पाच मिनिटं आहेत. फोटो छातीशी धरा. डोळ्यांत पाणी आलं तर अडवू नका," वार्ताहर भरतेश म्हणाला.

म्हसवडजवळच्या त्या गावात, मुलाच्या, शिवतेजच्या पुतळ्यासमोर, निवृत्त हवालदार आकाराम ताठ उभा होता. सहा वर्षांपूर्वी सरहद्दीवरच्या चकमकीत शिवतेज बेपत्ता झाला, तेव्हा याच भरतेशने वाहिनीवर दोन शब्दांची पट्टी फिरवली होती : 'शिवतेज पळाला?' बाराव्या दिवशी बर्फाखाली देह सापडला. बोट बंदुकीच्या घोड्यावरच होते. परंतु त्या अकरा दिवसांत शिवतेजच्या आईच्या, राहीबाईच्या उंबऱ्याशी कोणी फिरकले नाही. तिने अंथरूण धरले, ते तिरडीसाठीच सोडले. आता तीच वाहिनी दरवर्षी 'अमर शिवतेज' घेऊन येई, आणि गावालाही तेवढेच आठवे.

"आज त्या पट्टीची माफी मागा की वो. समद्यांम्होरं," आकाराम म्हणाला.

"काका, पळाला असं आम्ही म्हटलंच नव्हतं. पुढं प्रश्नचिन्ह होतं." भरतेशने केस सारखे केले. "आणि आज कशाला ते? माझी आई बघतेय सांगलीत. शेजारणी गोळा करून बसलीय."

"आई बघत्यात व्हय? मग लय ब्येस."

कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लागला. त्याच क्षणी भरतेशचा गळा दाटून आला. "वीरपिता आकाराम आपल्यासोबत आहेत..."

आकारामने छातीशी धरलेली तसबीर सावकाश उलटी केली. तिच्या पाठीवर त्याने पेंटरकडून ठसठशीत अक्षरे रंगवून घेतली होती : 'भरतेश चोर?' प्रश्नचिन्ह अक्षरांहून मोठे होते. ते तसेच हवे, असे त्याने पेंटरला दोनदा बजावले होते.

दिवा विझायला आठ सेकंद लागले.

"काका! अहो, काय चोरलं मी तुमचं?"

"चोरलं म्हनून कोन म्हनतंय?"

भरतेशच्या हातातला फोन थरथरू लागला. त्यावर 'आई' अशी अक्षरे उमटली.

आकारामने तसबीर सुलटी केली आणि बाहीने तिची काच पुसली.

"उचला की. सांगा आईला, फुडं प्रश्नचिन्ह हाय."