फुग्याच्या शिडाचा दोर

दोर पुन्हा कप्पीत अडकला आणि साहेबांचं शीड डोलकाठीच्या निम्म्यावर, वाळत घातलेल्या लेंग्यासारखं लोंबत राहिलं. काठावरची माणसं पोट धरून हसली. उमरग्याजवळच्या या तलावात पाणी येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. होडी बघायला अजून गर्दी व्हायची.

इंजिनिअरसाहेब मुंबईत शिकलेले. शिडाची ही छोटी होडी त्यांनी हौसेनं बांधून घेतली होती. वारा मागून असला की पुढं आणखी एक शीड लावतात, ते फुग्यासारखं फुगतं आणि होडी पळवतं. तेवढं राहिलं होतं. चाँदपाशा शिंप्यानं चित्र बघून शीड शिवलंही झकास. घोडं पेंड खात होतं ते दोरापाशी.

"मुनवरभाईंना करू द्या की साहेब," चाँदपाशा म्हणाला. "बारा वर्षं जहाजावर व्हते म्हणतात."

त्या 'म्हणतात'मध्ये बरंच काही होतं. मुनवर या गावात येऊन तीन वर्षं झाली, पण त्याला पाण्यात पाय घालताना कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्या फरिदाची सोयरीक चाँदपाशाच्या मुलाशी ठरत आली होती. चाँदपाशाचं म्हणणं एकच: बाप जहाजावर होता हे एकदा डोळ्यांनी दिसू दे, शुक्रवारी मंगनी करू. मुनवर इथवर आला होता तो लेकीसाठी. एरवी तो चार माणसांत यायचाच नाही.

त्यानं दोर हातात घेतला, बोटांत पिळला.

"नवा हाय. कोरडा. असा न्हाय चालत. तूप पायजे, आन् लई पिकलेली केळी."

"दोराला केळी?" साहेब म्हणाले.

"आमच्या कामात असंच करायचे, साहेब. दोर माझ्याबिगर कुणी करत न्हवतं."

केळी साहेबांच्या डब्यात होती. काठाला लागूनच धुरपताबाईचं शेत; तूप तिच्या घरून आलं. वाटी तिनंच आणून ठेवली. साहेबांनी तिला एक केळं देऊ केलं, तर तिनं हात मागं घेतला. तिचा बलभीम गेल्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून ती केळं शिवत नव्हती. एकुलत्या लेकाच्या आवडीचं असेल, असं समजून गावात कुणी विचारायचं नाही. ती खाली मान घालून खुरपायला निघून गेली.

मुनवरनं तूप आणि केळं कुस्करलं आणि दोर वीत-वीत चोळत बसला. तासभर. हात असे फिरत होते की हसणारेही जवळ येऊन बघत राहिले.

मग त्यानं दोर बाभळीच्या फांदीवरून घेतला आणि दोन मणांचं वाळूचं पोतं बांधून एकदम खाली सोडलं. फांदी थरारली. गाठ जागची हलली नाही.

"अहो, कापड वर चढवायचंय, रेडा नव्हे!" साहेब ओरडले.

"झटका बसला तरी गाठ सरकाय न्हाय पायजे, साहेब."

साहेबांनी पसंतीनं मान डोलावली. शिडाचं एक टोक बांबूला बांधलं, दुसरं मागच्या दोरीला, आणि वरचं मुनवरच्या दोराला. मधे घड्या कच्च्या दोऱ्यानं बांधून टोपलीत ठेवल्या. हिसका बसला की दोरे तुटून शीड उघडणार होतं.

"वारं कुठनं हाय?" मुनवरनं विचारलं.

चाँदपाशाच्या कपाळाला आठी पडली. जहाजावरचा माणूस असं विचारतो का? पण साहेबांनी हात करून दिशा दाखवली आणि दोघांना होडीत घेऊन ती लोटली.

"तुम्ही हुकूम द्या," मुनवर म्हणाला. त्यानं डोळे मिटले होते. ओठ काहीतरी पुटपुटले. बिस्मिल्ला म्हणत असेल, असं चाँदपाशाला वाटलं आणि बरं वाटलं.

"ओढा!"

एकाच हिसक्यात दोर सरसर चढला, दोरे कटाकट तुटले आणि पांढरं शीड भरल्या पोटासारखं फुगलं. होडी अशी पळाली की काठावरच्यांनी टोप्या उडवल्या.

परत आल्यावर चाँदपाशानं मुनवरला मिठीच मारली.

"समधी, शुक्रवार पक्का!"

मुनवरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तीन वर्षांत त्याला हसताना लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. लेकीचं भलं झालं होतं, आणि आता त्याला कुणी काही विचारणार नव्हतं.

धुरपताबाई वाटी न्यायला आली. वाटीवर उरलेल्या दोराचं वेटोळं पडलं होतं. ते उचलून बाजूला ठेवताना ती थबकली. दोर तिनं नाकाजवळ नेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"भाई, ह्यो दोर असा कुणी केला?"

"म्या केला, माई," मुनवर अभिमानानं म्हणाला. "असा दोर दुसऱ्या कुणाला जमत न्हाय."

धुरपताबाईनं दोर सोडला नाही.

"माझ्या बलभीमचं मढं जेलातनं माझ्या ताब्यात दिलं," ती म्हणाली, "तवा त्याच्या गळ्याला ह्योच वास येत व्हता."