जयंतच्या लाल नळ्या

जयंतच्या बावीस नळ्यांपैकी सतरा आजही लाल निघाल्या. शैलानं स्टँड त्याच्यासमोर आपटला.

"हे काय आहे?"

"गर्मी, मॅडम. बडनगर रोडवर येईपर्यंत बर्फ पिघळून जातो. मी तरी काय करू?"

"आणि हर्षलच्या डब्यातला बर्फ काय हिमालयातून येतो?"

जयंतनं डब्याच्या तळाशी उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं.

फ्रीगंजमधल्या त्या छोट्या लॅबमध्ये गाईंचं रक्त तपासायचं काम शैलाचं. रोग असा, की गाय गाभडते, आणि कच्च्या दुधातून तो माणसालाही धरतो. रक्त नीट थंड राहिलं, की वर स्वच्छ पिवळं पाणी सुटतं. तपासणी त्या पाण्याची. उन्हात तापलं, की सगळं लालभडक होतं आणि नळी जाते कचऱ्यात.

नमुने आणायला दोघं होते. जयंत यायचा दुपारी तीनला, घामानं निथळत, शर्टाला शेण लागलेलं. त्याच्या धड राहिलेल्या चार-पाच नळ्यांतही एखादी रोगी निघायचीच. हर्षल मात्र सकाळी दहाला हजर, शर्टाची इस्त्रीही मोडलेली नसायची. नळ्या गारेगार, पाणी पिवळंधमक. सहा गावं संपवली पठ्ठ्यानं, एकाही गाईत रोग नाही! सहाही गावांना शैलानं स्वतः सही करून दाखले दिले होते, दूध खुशाल विका म्हणून.

जयंतवर तिचा संशय आता पक्का झाला होता. मेला डबा उन्हात टाकून कुठेतरी सावलीत पसरत असणार. गेल्या मंगळवारी टावर चौकात कचोरीच्या दुकानापाशी उभा होता, तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मंगळवारी कचोरी खात होतास ना?"

"बर्फ घेत होतो, मॅडम. शेजारी लस्सीवाला आहे ना. रस्त्यात तीनदा घ्यावा लागतो."

"बस्स झाल्या थापा!" तिची चीड अनावर झाली. "सोमवारपासून येऊ नकोस."

जयंतचा चेहरा उतरला. "मॅडम, मागच्याच महिन्यात लग्न झालंय माझं." एवढंच बोलून तो डबा ठेवून निघून गेला. शैलाला वाईट वाटलं, पण तिचाही नाइलाज होता.

जयंतची गावं आता हर्षललाच द्यायची होती. रविवारी संध्याकाळी ती नानाखेड्याला त्याच्या घरी गेली. बातमी द्यावी आणि तो बर्फ कसा भरतो तेही बघून घ्यावं, म्हणजे नव्या माणसाला शिकवता येईल. हर्षल देवासला लग्नाला गेला होता. दार त्याच्या आईनं उघडलं.

"अगंबाई, मॅडम! या ना, या. रोज तुमचं नाव घेतो हो तो. चहा ठेवते."

"चहा राहू द्या, काकू. एवढंच सांगा, असल्या उन्हात इतक्या गार नळ्या तो आणतो तरी कशा?"

काकू जरा घुटमळल्या. "आलाच आहात तर एक विनंती करू का?" म्हणत त्या तिला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. चिंचेखाली गाय बांधलेली होती. काकूंनी तिच्या मानेवरून हळूच हात फिरवला.

"तुमच्या लॅबला रोज वीस-वीस नळ्या रक्त लागतं म्हणतो. लागत असेल हो, पण आमची ही एकच गाय आहे. आता थोडे दिवस दुसऱ्या कुणाची तरी बघा ना!"