बर्फखोलीतला बॉल

"मऊ? अहो, पिकलेल्या टोमॅटोसारखा बॉल होता तो!" बर्फवाले ओरडले आणि त्यांच्या कपातला चहा टेबलावर सांडला.

"थंडीनं झाला मऊ," टायरवाले म्हणाले. "गारठ्यात टायर बसतो, तसा बॉलही बसतो. जन्म गेलाय माझा हवा भरण्यात."

"आणि माझा बर्फात! थंडीनं माणूस आखडतो, हवा नाही. तुमच्या निळ्या संघानं आमच्या तांबड्यांविरुद्धच्या सामन्याआधी सुई घालून हवा काढली. का, तर तुमच्या त्या लोणी लावलेल्या गोलकीपरच्या हातात बॉल टिकावा म्हणून."

"म्हणून लीगनं आमचा कप काढून घ्यायचा? अध्यक्ष तांबड्यांच्या गल्लीत वाढलेला. सगळं ठरलेलं!"

"कप काढला, पण कप्तानाला नुसती ताकीद! कोणाच्या खिशात आहे लीग, ते दिसतंय."

खरं म्हणजे दोघं जमले होते लग्न ठरवायला. बर्फवाल्यांची मुलगी आणि टायरवाल्यांचा मुलगा, दोघांचं केव्हाच जमलं होतं. उरला होता फक्त दोन बापांचा होकार. तो घ्यायला मंडळी बर्फाच्या कारखान्यावरच्या कचेरीत बसली. बोलणं नीट चाललं होतं. मग मुलाच्या गळ्यातला निळा मफलर बर्फवाल्यांना दिसला.

"चोरांच्या घरात मी मुलगी देणार नाही," बर्फवाले म्हणाले.

"आंधळ्यांच्या घरातली सून मलाही नको," टायरवाले म्हणाले.

मुलगा नखं खात होता. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "खाली बर्फखोली आहे. याच्या गाडीत बॉल आहे. ठेवून बघा की."

दोघंही जागच्या जागी थांबले. टायरवाल्यांच्या खिशात हवा मोजायचा काटा कायम असे. दुसऱ्याच्या लग्नाला गेले तरी बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची हवा तपासून मगच आत जात. त्यांनी बॉल मोजला, बर्फवाल्यांनी चष्मा पुसून काटा वाचला. बॉल बर्फाच्या लाद्यांमध्ये ठेवला. मऊ झाला, तर निळे निर्दोष आणि बर्फवाल्यांनी मुलगी द्यायची. नाही झाला, तर निळे चोर आणि बैठक मोडली. दाराला कुलूप लागलं. किल्ली मुलीकडेच राहिली, कारण खालचा कारभार तीच बघायची. शिवाय फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. यापेक्षा निःपक्ष पंच कुठे मिळणार, यावर दोन्ही बापांचं एकमत झालं. त्या दिवसातलं पहिलंच.

ती खाली दारापाशी स्टूल टाकून बसली. वर बापांना काही बसवेना. बर्फवाले खिडकीशी जात, परत येत. टायरवाले पाय हलवत होते, तर त्यांच्याबरोबर टेबल हलत होतं आणि टेबलाबरोबर मुलगा.

बघता बघता टायरवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. थंडी तर बरोबर काम करेल. पण या खोलीची थंडी तांबड्यांची. तिचा काय भरवसा? ते उठले.

"जरा हात धुऊन येतो," म्हणाले आणि मोरीच्या उलट दिशेनं गेले.

खाली मुलीनं वर पाहिलं. "काय काका?"

"पोरी, माझं पाकीट आत राहिलं वाटतं."

"खिशातून डोकावतंय ते काय आहे?"

टायरवाल्यांनी पाकीट आत ढकललं. दुसऱ्या खिशातली सुई त्यांना टोचली.

"उघडते," मुलगी हळूच म्हणाली. "पण फुकट नाही."

थोड्या वेळानं ते वर आले आणि इतक्या समाधानानं चहा प्यायले, की बर्फवाल्यांना ते सहन होईना. हा माणूस एवढा निवांत कसा? ते ताडकन उठले. "कॉम्प्रेसरचा आवाज बदललाय," म्हणाले. मुलाला काही बदल ऐकू आला नाही. बर्फवाले परत आले, तेव्हा बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि त्यांना धाप लागली होती.

"गरम होतंय खाली," ते म्हणाले. बर्फखोलीतून आले होते.

थंडीला तिचं काम एकटीला करू द्यावं, एवढा धीर दोघांपैकी एकालाही नव्हता.

शेवटी कुलूप उघडलं. चौघं आत शिरले. सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. टायरवाल्यांनी सुई घातली, काटा लावला. काटा थरथरला आणि थांबला. सकाळी जिथे होता, अगदी तिथेच. केसाचाही फरक नाही.

"अशक्य!" टायरवाले ओरडले.

"अशक्य!" बर्फवाले त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले.

"तुम्ही कशाला ओरडता? तुम्ही तर हेच म्हणत होता."

बर्फवाल्यांनी बॉल दाबून पाहिला, वास घेतला, कानाशी धरला. टायरवाल्यांनी काटा झटकला. मग दोघांनी एकमेकांकडे निरखून पाहिलं आणि घाईघाईनं नजरा फिरवल्या.

"लीगनं इथेही हात घातला," टायरवाले पुटपुटले.

"लीग काहीही करू शकते," बर्फवाले म्हणाले. हे दुसरं एकमत.

मुलाचा चेहरा पांढरा पडला. बॉल मऊ झाला नव्हता. बैठक मोडली. तो दाराकडे वळणार, एवढ्यात टायरवाले खाकरले. "फुटबॉल गेला उडत. लग्नाला माझी हरकत नाही."

"मी तेच म्हणणार होतो," बर्फवाले घाईनं म्हणाले. "तारीख लवकरची बघू."

आणि दोघं बाप खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडे न बघता, वर निघून गेले.

मुलगा बर्फात तसाच उभा. "हे झालं काय? आणि तू नक्की कोणाच्या बाजूनं होतीस?"

"कोणाच्याच नाही," मुलगी दाराला कुलूप लावत म्हणाली. "तुझे बाबा सुई घेऊन आले, माझे पंप घेऊन. मी दोघांकडून लाच म्हणून लग्नाचा होकार घेतला. पक्षपात अजिबात केला नाही."